बारागाड्यांपुरतं अंग

लग्नात प्रेमराजच्या मनगटाला कंकण बांधताना त्याच्या मामींनी दोरा एकदा गुंडाळला, दुसऱ्यांदा गुंडाळला, तरी तो सैलच राहिला. बाजूच्या बायकांनी तोंडाला पदर लावले. मुंडावळ्यांआडून दिपमालाने तिरकं पाहिलं. नवरदेवाचं मनगट तिच्या मनगटाएवढंच होतं, असलंच तर जरा कमी. तो मात्र बायकांबरोबर हसत होता. मामींना म्हणाला, दोरा वाया घालवू नका, करदोड्याला ठेवा. दिपमालाला त्या बोलण्याने धीर आला. सोनगीरहून ती असोद्याच्या पलीकडच्या या गावात आली ती त्या एका वाक्याच्या भरवशावर, असं ती पुढे कधी कधी म्हणायची. तिची आई फोनवर एवढंच म्हणाली, "जवाई बारीक शे, पन मानूस गरीब शे." गरीब म्हणजे साधा, कुणाच्या अध्यात नसलेला. आईचं खरं होतं.

दिपमाला आली ते घर भगताचं होतं. सासरे लोटन आबा गावच्या बारागाड्या ओढायचे. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, संध्याकाळी ऊन उतरलं की गावाबाहेरच्या मोकळ्या रानात बारा बैलगाड्या एकामागे एक बांधतात. बैल एकही नसतो. गाड्यांत माणसं भरतात, पाहुणेरावळे, पोरंटोरं, माहेरी आलेल्या लेकी, कडेला लटकतील तितकी. पुढच्या गाडीच्या जुवात भगत उभा राहतो. त्याच्या दोन्ही काखांत हात घालून दोघे बगले त्याला धरतात. मरीमातेच्या नावाचा गजर होतो आणि बाराच्या बारा गाड्या धुरळा उडवत देवळापर्यंत धावतात. गाड्या आई ओढते, असं गाव म्हणतं. आणि त्याच तोंडाने हेही म्हणतं, की लोटन भगताचं अंगच तसं आहे.

अंग तसं होतंच. आबा दारातून आत यायचे तेव्हा ओट्यावरचा उजेड अडायचा. जेवायला बसले की त्यांच्या मांडीचा पाट निराळा, रुंद. चौकात बसले की बोलणाऱ्यांचा आवाज आपोआप खाली यायचा. आखाजीला हळदीने माखलेलं ते अंग पाहून लहान पोरं रडायची आणि म्हातारी माणसं हात जोडायची.

प्रेमराज त्यांचा एकुलता एक मुलगा. शाळेत असताना त्याने एकदा चौकात, चार माणसांत आबांना विचारलं होतं, मी केव्हा ओढू गाड्या. आबांनी त्याचा दंड दोन बोटांत धरून वर केला, सगळ्यांना दाखवला आणि म्हणाले, "याच्याच्यानं गाड्या नाही व्हायच्या. हा मायच्या अंगावर गेला." चौक हसला. आबाही हसले. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात प्रेमराजने हे दिपमालाला गंमत म्हणून सांगितलं, आणि सांगता सांगता शर्टाच्या बाहीचं बटण लावून घेतलं. मग तिच्या लक्षात आलं, वैशाखातसुद्धा हा माणूस लांब बाह्यांचे शर्ट घालतो. जळगावच्या उन्हात. घरातसुद्धा.

लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात आबा गोठ्यात पडले. उजवी बाजू गेली. जीभ जड झाली. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा खाटेवर मावत नव्हते, आणि तरी कुठेतरी कमी झाल्यासारखे दिसत होते.

चैत्रात मोतीलाल नाना आले. नाना देवळाचे जुने पंच, यात्रेचं सगळं त्यांच्या शब्दावर चालायचं. त्यांनी आबांच्या तब्येतीची चौकशी केली, ऊन फार आहे म्हणाले, केळीच्या पानांना चटके बसलेत म्हणाले, आणि शेवटी विचारलं, की यंदा गाड्या कोणी ओढायच्या. प्रेमराज पाण्याचा तांब्या घेऊन तिथेच उभा होता. आबांनी बराच वेळ तोंडातल्या तोंडात शब्द जुळवला.

"नवल," ते म्हणाले.

नवल आबांचा पुतण्या. वरणगावच्या फॅक्टरीत कामाला, उंच, खांद्यांनी रुंद, हसरा. दिसायला तोच आबांचा मुलगा वाटावा. प्रेमराजने नानांना पाणी दिलं, तांब्या झाकून ठेवला आणि नानांच्या मागोमाग त्यांच्या घरी गेला. पुढच्या वर्षी मी ओढतो, म्हणाला. नाना चहा पीत होते. त्यांनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि त्याचं मन मोडू नये म्हणून म्हणाले, अंग कर आधी, मग बघू. चहा संपायच्या आत नाना हे विसरलेसुद्धा असतील. प्रेमराज नाही विसरला.

असोद्यात खतांच्या दुकानावर दोन खोल्यांची एक व्यायामशाळा होती. तिथे शिकवणारा जितेंद्र कधीकाळी जिल्ह्याच्या स्पर्धेत उभा राहिलेला. त्याने प्रेमराजच्या मनगटाला अंगठा आणि मधल्या बोटाचं कडं घातलं. बोट अंगठ्यावर चढून पार पुढे गेलं. मग तो सरळच बोलला.

"हाड बारीक आहे. हाड काही वाढायचं नाही. त्याच्यावर चढेल ते खाऊन चढेल. इथे लोक मरमर वजनं उचलतात आणि घरी जाऊन अर्धी भाकर खाऊन झोपतात. तसं करायचं असेल तर उद्यापासून येऊ नको."

ही गोष्ट प्रेमराजने घरी येऊन दिपमालाला सांगितली, आणि त्या दिवसापासून अर्धं काम तिच्याकडे आलं. सकाळी भिजवलेले हरभरे आणि शेंगदाणे. मग दुधात कुस्करलेली केळी, केळ्यांना तर त्या घरात तोटाच नव्हता. दुपारच्या डब्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी, उडदाची घोटलेली डाळ, वर तूप. संध्याकाळी व्यायामावरून आला की पुन्हा ताट. प्रेमराजची भूक त्याच्या हाडांसारखीच होती, बारीक. दोन भाकरींत त्याचं पोट तटतटायचं. तिसरी भाकरी तो खात नसे, ढकलत असे. दिपमाला समोर बसून राहायची. बोलली तर तो थांबेल, म्हणून बोलायची नाही, नुसती डाळ वाढायची. कधी कधी तो मोरीत जाऊन सगळं काढून यायचा, तोंड धुवायचा आणि पुन्हा पाटावर बसून म्हणायचा, वाढ.

भगताच्या घरात अंडं चालत नाही. अंडी तो, कामाला होता त्या औद्योगिक वसाहतीतल्या चटईच्या कंपनीबाहेर, गाडीवर उभा राहून खायचा आणि बडीशेप चघळत घरी यायचा. सासूबाई, तानुबाई, बारीक चणीच्या, शांत बाई. त्यांना वास यायचा. त्या मान वळवून अंगणात जायच्या. व्यायामशाळेत कुणीतरी सुईचं सुचवलं, लवकर फुगशील म्हणाला. प्रेमराजने तेही घरी येऊन सांगितलं. दिपमाला म्हणाली, "घे. मग मी सोनगीरला जाते, तू फुगलास की फोन कर." तो विषय तिथेच संपला.

पहिले काही महिने काहीच दिसलं नाही. मग मांड्या भरल्या, मग पाठ. खांद्यांवर गोलाई आली. दंड भरले, पण मनगटं आणि घोटे होते तेवढेच राहिले, त्यामुळे एखाद्याने वेलाला दुधी बांधावा तसं दिसायचं. गावाने नाव ठेवायला वेळ लावला नाही. काडीला बटाटा टोचलाय म्हणायचे. प्रेमराज ऐकायचा आणि हसायचा. रात्रपाळीने झोप मोडते आणि झोपेशिवाय अंगाला काही लागत नाही, म्हणून त्याने साहेबाच्या मागे लागून दिवसपाळी घेतली. सणासुदीला पुरणाचे मांडे झाले की तो मोजून खायचा नाही, जबरदस्तीने खायचा, आणि मांडे कसे झाले हे त्याला सांगता यायचं नाही. ज्या माणसाला वांग्याच्या भरताच्या वासाने पाटावर उड्या मारताना तिने पाहिलं होतं, तो आता जेवण संपलं की सुटल्यासारखा उठायचा.

तिने एकदा सांगून पाहिलं. म्हणाली, मला तर तू आधीही बरा दिसत होतास.

"तुला दिसत होतो गं," तो म्हणाला. "आबांना कुठे दिसत होतो?"

आणि आबा तिकडे आटत होते. अंगावरचं मांस गेलं, मोठा सांगाडा तेवढा राहिला, जशी एखादी गाडी माल उतरवून नुसती उभी करावी. रोज सकाळी प्रेमराज त्यांना खाटेवरून उचलून न्हाणीतल्या चौरंगावर बसवायचा. सुरुवातीला नवलला बोलवावं लागायचं, दोघे मिळून उचलायचे. पुढे प्रेमराज एकटाच उचलू लागला. एक दिवस त्याने मुद्दाम बनियनवरच आबांना उचललं, चौरंगावर ठेवलं आणि हात न काढता क्षणभर तसाच उभा राहिला. दारात गरम पाणी घेऊन आलेल्या दिपमालाला कळलं, हा दंड दाखवतोय. आबांची नजर दंडावरून गेली आणि पुढे भिंतीवर जाऊन थांबली. डाव्या हाताने त्यांनी पंचा मागितला.

नवलने दोन आखाज्या गाड्या ओढल्या. तिसऱ्या वर्षी प्रेमराज पुन्हा नानांकडे गेला. या वेळी नानांनी चहाचा कप खाली ठेवला. नवलला विचारलं, तर तो लगेच म्हणाला, ओढू द्या की, मी बगलेला राहतो. आबांना सांगायला नाना घरी आले. आबांनी ऐकलं. हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. एवढ्यावर ठरलं. प्रेमराज त्या दिवशी कुणी न सांगता दोनदा जेवला.

पण आखाजीच्या आधी भगताला देवळात राहावं लागतं. जमिनीवर झोपायचं, एकवेळ अळणी खायचं, बाकी दूध. घरी यायचं नाही, व्यायाम करायचा नाही. जितेंद्रने हे ऐकलं आणि डोक्याला हात लावला. म्हणाला, तुझ्यासारख्या बारीक हाडाच्या माणसाचं आधी मांसच जातं, चरबी आहेच कुठे तुझ्याकडे. आणि तसंच झालं. दोन-तीन दिवसांतच गळ्याजवळची हाडं वर आली. संध्याकाळी दिपमाला दूध घेऊन गेली की तो आधी स्वतःच्या दंडाला हात लावून बघत बसलेला दिसायचा. त्याचे डोळे परीक्षेला आलेल्या पोरासारखे झाले होते.

"दुधात शेंगदाण्याचं पीठ घालत जा," तो हळूच म्हणाला. "बारीक दळ. कळणार नाही."

तिने नाही म्हणायला हवं होतं. म्हणवलं नाही. शेंगदाणे भाजून, सालं पाखडून, पीठ वस्त्रगाळ करून तिने दुधात घातलं. रोज घातलं. देवळाच्या पायरीवर पेला धरून ती उभी राहायची आणि तिला वाटायचं, गाभाऱ्यातल्या आईला वास येत असेल.

आखाजीला गाव फुलून आलं. झाडाझाडाला झोके, माहेरवाशिणींची गाणी, घराघरात सांजोऱ्या. दिपमाला त्या वर्षी माहेरी गेली नाही. संध्याकाळी खाट उचलून आबांना देवळासमोर आणून ठेवलं, उशाशी तानुबाई बसल्या. दिपमाला मात्र जिथून गाड्या सुटतात तिथे जाऊन उभी राहिली.

हळदीत न्हालेला प्रेमराज जुवात उभा राहिला. एका बाजूला नवल, दुसऱ्या बाजूला हिलाल नावाचा त्याचा जुना मित्र, हे दोघे बगले. गाड्या गच्च भरल्या होत्या. मागे, दोन्ही बाजूंना, चाकांजवळ माणसांची ही गर्दी. गजर झाला. आणि गजर पुरता व्हायच्या आत प्रेमराजने पाय रोवले, कंबर खाली घेतली, छाती पुढे टाकली आणि ओढलं. व्यायामशाळेत लोखंड उचलायचा तसंच. दिपमालाला त्याच्या मानेच्या शिरा दिसल्या. गाड्या हलल्या नाहीत. नवल त्याच्या कानाशी काहीतरी ओरडला, गोंगाटात ते कुणाला ऐकू गेलं नाही. प्रेमराजने दुसऱ्यांदा ओढलं, आणि तेव्हा त्याचं तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. ओरडला असेल, पण त्याच वेळी पाच-पन्नास गळ्यांतून पुन्हा गजर उठला, मागून लोंढा आला आणि गाड्या सुटल्या. दिपमालाने पाहिलं, त्याचे पाय जमिनीवर नव्हते. नवलने त्याला काखेतून उचलून घेतलं होतं आणि नवल धावत होता.

बाकी कुणी हे पाहिलं नाही. लोकांनी पाहिलं ते एवढंच, की बारा गाड्या आल्या आणि पुढे लोटन भगताचा मुलगा होता. भंडारा उधळला. बायकांनी ओवाळलं. दोघांच्या खांद्यांवर हात टाकून प्रेमराजला आबांच्या खाटेपुढे आणलं. हळदीवरून घाम ओघळून त्याचे पिवळे ओघळ झाले होते, चेहरा पांढरा पडला होता. त्याला वाकता येईना, तरी वाकून त्याने आबांच्या पायाला हात लावला आणि मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. या एका क्षणासाठी तो दोन वर्षं भाकरी ढकलत होता.

आबांनी तोंड फिरवलं. देवळाच्या भिंतीकडे.

जळगावच्या डॉक्टरांनी फोटो काढले आणि सांगितलं, की कमरेतल्या मणक्याची गादी सरकली आहे, नस दबली आहे. महिना-दोन महिने पडून राहा, आणि यापुढे वजन उचलणं विसरा. प्रेमराजने विचारलं, की माणूस उचलला तर चालेल का, वडील आहेत. डॉक्टर म्हणाले, पाण्याची बादलीसुद्धा नाही.

बाप एका खाटेवर, मुलगा दुसऱ्या. मधून दिपमाला आणि तानुबाई ताटं घेऊन फिरायच्या. आबांना न्हाणीत न्यायला पुन्हा नवल यायला लागला. प्रेमराज छताकडे बघत पडायचा. एकदा, घरात कुणी नसताना, तो दिपमालाला म्हणाला, आबांना कळलं असेल, दुधाचं. म्हणून तोंड फिरवलं. तिच्याही मनात तेच घर करून बसलं होतं. ती देवळात जाऊन आली, नारळ ठेवला, मनातल्या मनात सगळं सांगितलं, तरी हलकं वाटलं नाही. शेंगदाण्याचा डबा तिने मागच्या फळीवर टाकून दिला. आपल्या हाताने आपण याला मोडला, असं तिला भाकरी थापताना वाटायचं.

पावसाळ्यात एका रविवारी आबांना न्हाऊ घालून नवल प्रेमराजच्या खाटेवर येऊन बसला. आबा पलीकडच्या खोलीत झोपी गेले होते. दिपमाला शेंगा सोलत होती, तानुबाई तांदूळ निवडत होत्या. नवल ओल्या हातांनी गुडघे पुसत साधेपणाने बोलून गेला.

"तू पाय कशाला रोवले रे? मी कानात ओरडत होतो, सोड म्हणून. अंग सोडून द्यायचं असतं. पहिला रेटा लोकच देतात, मागून. बगले उचलतात. भगताने नुसतं जुवाला हात लावून धावायचं. त्याने ओढलं की तो मध्येच अडकतो."

प्रेमराजने छतावरची नजर काढून नवलकडे वळवली. मग त्याने विचारलं, "तुला कोणी सांगितलं हे?"

"काकांनीच. पहिल्या वर्षी, मी विचारायला आलो तेव्हा. जीभ चालत नव्हती, तरी हाताने दाखवत दाखवत सांगितलं." नवल थांबला. त्याच्या हसऱ्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी चढत गेलं. "तुला नाही सांगितलं? मला वाटलं, घरातच आहे तुमच्या, तुला माहीतच असणार."

तो गेल्यावर दिपमाला भराभर शेंगा सोलत राहिली. दिपमालाला राग आला होता, आणि राग कुणावर काढावा ते कळत नव्हतं. म्हणजे वेलाला दुधी बांधल्यासारखे दंड लागत नव्हते. तिसरी भाकरी लागत नव्हती. शाळेतला तो पोरगासुद्धा, तो दोन बोटांत मावणाऱ्या दंडाचा पोरगासुद्धा, जुवाला हात लावून धावला असता तर गाड्या आल्या असत्या. तिने विचारलंच, सासूबाईंकडे न बघता, की मग आबांनी यांना का नाही सांगितलं. एका शब्दाचं काम होतं.

तानुबाईंनी सुपातला खडा उचलून बाजूला टाकला.

"याले ओढू दिल्या असत्या," त्या म्हणाल्या, "अन् याच्याच्यानं झाल्या असत्या, तं मंग आबाच्या अंगाचं काय राह्यलं असतं?"

त्या पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या. थोड्या वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, की आयुष्यभर गावाने एवढंच दिलं त्यांना. शेतीत नाव नाही, घरात पैसा नाही. एक अंग, आणि ते अंग गाड्या ओढतं असं गाव म्हणायचं. मी लग्न होऊन आले त्या वर्षी मला पण खरंच वाटायचं.

प्रेमराजने डोळ्यांवर हात आडवा टाकला होता. दिपमालाला वाटलं, त्याला देवळासमोरचा तो क्षण आठवत असेल. आबांनी दुधासाठी तोंड फिरवलं नव्हतं. त्यांनी काही चूक पाहिली नव्हती. त्यांनी मुलाला जुवात पाहिलं होतं, एवढंच.

पुढच्या महिन्यांत प्रेमराज चालायला लागला, कंपनीत बसून करायचं काम मिळालं. व्यायाम गेला तसं अंगही गेलं. ज्या क्रमाने आलं होतं त्याच्या उलट क्रमाने, आधी दंड, मग खांदे, मग पाठ. बारीक हाडांनी काहीच धरून ठेवलं नाही. जितेंद्र रस्त्यात भेटला की दुसरीकडे बघायचा, त्याला वाईट वाटायचं. दोन भाकरींवर प्रेमराज पुन्हा हात धुवायला लागला. दिपमाला तिसरी टाकायचीच नाही. एक गोष्ट मात्र तिने पाहिली. आबांशी तो जसा वागायचा तसाच वागत राहिला. त्यांच्या तोंडात घास द्यायचा, मिशीवरचं वरण पुसायचा, संध्याकाळी गावातलं काय काय सांगायचा. कळल्याचं त्याने कळू दिलं नाही. तिला ते समजायला वेळ लागला, आणि समजलं तेव्हा पटायला आणखी वेळ लागला.

चैत्रात मोतीलाल नाना आले. या वेळी ते आबांच्या खाटेजवळ बसले तरी बोलत होते प्रेमराजशीच. म्हणाले, कमरेला आराम आहे ना, मग यंदा पुन्हा तूच. लोक बोलतात, ते त्यांनी सांगितलं, कौतुकाने सांगितलं. गेल्या वर्षी अंग कमावलं होतं म्हणून ओढलं असं कुणी म्हणत होतं, पण आता बघ, तू पहिल्यासारखाच झालास. यंदा असाच उभा राहा. गावाला दिसू दे, की अंगाचं काही नसतं, ओढणारी आई आहे. काडीसारखं पोरगंसुद्धा ओढून नेतं.

दिपमाला दारात चहाचे कप घेऊन उभी होती. नाना प्रेमराजकडे बघत होते, म्हणून त्यांना आबा दिसले नाहीत. तिला दिसले. आबांचा डावा हात गोधडीवर हलत होता, गोधडी गोळा करत होता, सोडत होता. डोळे मुलावर खिळले होते. त्या डोळ्यांत भीती होती. एवढ्या मोठ्या माणसाची भीती तिने कधी पाहिली नव्हती, आणि तिला एक क्षण वाटलं, म्हण हो. म्हण, नाना, ओढतो. तुझं आहे ते घे एकदा.

प्रेमराज आबांकडे बघत होता.

"नाही नाना," तो म्हणाला. "मागच्या वर्षी मी कुठे ओढल्या? नवलने ओढल्या, मी नुसता पुढे होतो. माझ्याच्यानं नाही होत ते. त्याला आबांसारखं अंग लागतं."

नाना काहीतरी म्हणाले, मग हसले, मग नवलला निरोप देतो म्हणून उठले. आबांचा हात थांबला होता. त्यांनी डोळे मिटले, आणि चेहऱ्यावरून सगळा ताण उतरून तो झोपलेल्या लेकरासारखा झाला. दिपमालाला ते बघवेना. तिने कप खाली ठेवले.

प्रेमराजने उठून आबांच्या अंगावरची गोधडी सारखी केली. मग नानांना सोडायला दारापर्यंत गेला, आणि उन्हात पायरीवर उभं राहून त्यांना बराच वेळ सांगत राहिला, की आबा कसे एका हाताने जू उचलायचे.